मधाचा पहिला घोट

खरवई, बदलापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. जिजाआत्यास,
हर्षदाचा शि. सा. न. वि. वि.

साईनाथच्या टेम्पोतून पाठवलेले हरभऱ्याचे घाटे पोचले. बाबांनी निम्मे उभ्याउभ्याच सोलून खाल्ले. भाजीच्या जुड्यांखाली पत्र घालून पाठवणारी माणसं आता तुम्ही दोघीच उरलात, असं साईनाथ म्हणाला. त्याला म्हटलं, आमच्या आत्याच्या गावात रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळाली तरी तिच्या कानात शिरत नाही. मागच्या फोनला मी इतकी ओरडले की आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना निरोप कळला, फक्त तुला सोडून.

आता बातमी. गेल्या रविवारी हरेशच्या घरचे उल्हासनगरहून आले होते. पक्की मिश्री, म्हणजे त्यांच्या सिंध्यांमधला साखरपुडा, तेवीस मार्चला आपल्या घरी करायची असं ठरलं. बोलता बोलता मी आपल्या घराण्यातला मधाचा घोट सांगून बसले. मुलीच्या बापाने नव्या वाटीतून पहिला घोट घ्यायचा, तीच वाटी व्याह्याच्या हाती द्यायची, मग सोयरीक पक्की. हरेशचे पप्पा टाळी वाजवून उठलेच. हे झालंच पाहिजे म्हणाले. हरेशने मोबाईलवर शोधलं, याला परदेशात मीड म्हणतात आणि हौशी लोक घरी करतात. आता सगळ्या पाहुण्यांना चाखायला द्यायचं ठरलंय. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं, तर ते नुसतं बघू म्हणाले.

आत्या, तुला ती कृती आठवते ना? पाहुणे एकेक नग आहेत. हरेशच्या आई, मीना आंटी, यांना गहू अजिबात चालत नाही. कण पोटात गेला तरी आठवडाभर आडव्या. बियर जवाची, म्हणून तीही नाही. लग्नाकार्यात त्या बिचाऱ्या पाण्याचा पेला धरून बसतात. हरेशच्या दादांना, म्हणजे आजोबांना साखर आहे. माझी वरिष्ठ राजसी जैन आहे, तिला मधसुद्धा वर्ज्य. आणि आपल्या उमाताईला सातवा महिना लागेल. या सगळ्यांना चालेल असं काय करायचं ते कळव.

त्यांना लग्न वैशाखात हवंय. मी दिवाळीनंतर बघू म्हटलं. आनंदनगरच्या लॅबमध्ये दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवते आणि हात चालू असताना मन कुठेतरी पळत असतं. कालच दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्या उलट्या लावल्या. राजसीने पकडलं म्हणून बरं.

उत्तर लवकर दे आणि तुझ्या मायेतला माझा वाटा तेवढा राखून ठेव.
तुझी,
हर्षदा


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. हर्षदा हीस,
जिजाआत्याचे अ. उ. आ.

तुझ्या पत्रातले पाहुणे वाचून मला वाटलं, तू साखरपुडा करतेस की दवाखाना उघडतेस. असो. ज्याचं त्याचं पोट ज्याला त्याला ठाऊक. पण मध न खाणारं माणूस मी आजच ऐकलं. सुकऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला त्या बाईला माझ्यातर्फे नमस्कार सांगा, तेवढी एक पोळी झाडावर राहील. सुकऱ्या म्हणजे वरच्या वाडीतला, आपल्याला मध आणून देतो तो.

कृती आठवते. मध एक वाटा, उकळून निववलेलं पाणी चार वाटे, आणि धायटीची सुकलेली फुलं. ही फुलं घातली की मध काम करायला लागतो. सध्या डोंगराला लालभडक धायटी फुलली आहे, तेव्हा वेळ चांगली साधली. वर सैल फडकं बांधायचं, कारण त्याला श्वास घ्यावा लागतो. महिनाभर ठेवायचं. यात गव्हाचा संबंध नाही. मात्र तू लिहिलंस म्हणून बरणी आठवली. मी आईच्या ज्या बरणीत करणार होते, तिच्यात गेली वीस वर्षं मी कुरडयांचा चीक ठेवते! विहीणबाईंना पहिल्याच दिवशी आडवं पाडलं असतं. हरेशरावांच्या काचसामानाच्या दुकानातून दोन कोऱ्या काचेच्या बरण्या धाड. पोरीकडचं कार्य आहे म्हणून तोंड उघडायला लाजू नकोस, जावई बरण्यांचाच मिळाला आहे. आणि गावभर बोभाटा करू नका. घरात वाटीभर चाखायचं आहे, गुत्ता घालायचा नाही.

साखरेच्या माणसाला हे चालेल असं मला वाटतं, कारण मुरल्यावर गोडी जाते. पण मी काही डॉक्टर नाही. उमाला मुळीच द्यायचं नाही.

आता माझा प्रश्न. तू एवढ्या लोकांची पथ्यं लिहिलीस आणि पहिला घोट ज्याने घ्यायचा त्याच्याविषयी एक ओळ नाही. चार वर्षं झाली आनंदाला दारू सोडून. वहिनी असताना शपथेवर सोडली ती सोडली. तुला भीती वाटते का, की एका घोटाने पुन्हा तिकडे वळेल? आणि वैशाखातलं लग्न दिवाळीपलीकडे ढकलण्याचं कारण काय? मुलगा आवडला नाही म्हणावं तर दर पत्रात त्याचं नाव चारदा. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सरळ लिही.

तुझी काळजी करायला मला दुसरं काम नाही, तेव्हा ती चालूच आहे.
जिजाआत्या


खरवई
बुधवार, १९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून चुलीत घाल. सुट्टी आहे, पण मी बाबांना दळणाला पाठवून लिहायला बसले आहे, आणि जिन्यात पाऊल वाजलं की थांबते.

बाबांनी शपथेवर सोडली नाही. तेव्हा आई उल्हासनगरला एका डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी दारू सोडवायची गोळी दिली. ती अंगात असताना दारूचा घोट गेला तर तोंड लालबुंद होतं, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की हे रोग्याला सांगूनच द्या. आईने सांगितलं नाही. सांगितलं तर हे कप भिरकावतील, अशी तिला खात्री होती. रोज सकाळी चहात घालायची. सुरुवातीला एकदा बाबा पिऊन आले आणि मरणाचे आजारी पडले ते तुला आठवत असेल. पोटाचं काही झालंय असं सगळ्यांनी मानलं. त्यानंतर त्यांनी हात लावला नाही.

आई जायच्या आधी मला म्हणाली, राजगिऱ्याच्या डब्यात पाकीट आहे, चुकवू नकोस. दोन वर्षं मी चुकवलेलं नाही. चहा करते, त्यांच्याकडे पाठ करते आणि चमचा हलवत राहते.

सोसायटीत कुणाचा नवरा पिऊन पडला की लोक बाबांकडे बोट दाखवतात. आनंदरावांनी बघा, एका शब्दावर सोडली. बाबा मान खाली घालून हसतात. तेवढाच त्यांच्याकडे अभिमान उरलाय. तो मी कसा काढून घेऊ? त्यांनी घोट घेतला तर मी त्यांना माझ्या हाताने मारणार. घेऊ नका म्हटलं तर का ते सांगावं लागणार. आणि लग्न करून मी उल्हासनगरला गेले तर सकाळचा चहा कोण करणार? म्हणून दिवाळी. दिवाळीनंतर काय होणार आहे ते मलाही माहीत नाही.

हरेशलाही हे सांगितलेलं नाही. तो विचारतो, मी त्याच्यावरच चिडते. तो हल्ली फोन करायच्या आधी मेसेज करून मूड विचारतो.

गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवडे राहतो, असं डॉक्टर म्हणाले होते. काय करू ते सांग. तुला सोडून मला विचारायला कुणी नाही.

तुझीच,
हर्षदा


मंगळवार, २५ फेब्रुवारी

चि. हर्षदा हीस,
अ. उ. आ.

पत्र चुलीत घातलं आणि भात करपवला.

पहिल्यांदा वहिनीचा राग आला. माझ्या भावाला चोरून औषध घालते म्हणजे काय! मग त्याचे ते दिवस आठवले. त्याला गटाराच्या कडेवरून उचलून आणायला लागायचं, आणि तुझी आई शेजारणींसमोर हसतमुखाने सांगायची की यांना चक्कर येते. रागावून मी कुणावर रागवणार? तू एकटीने हे ओझं वागवलंस आणि मला सांगितलं नाहीस, याचा मात्र राग अजून गेलेला नाही.

बरण्या पोचल्या. शुक्रवारी मध घातला. दोन दिवस निपचित होता, काल बारीक बुडबुडे यायला लागले. मी येता-जाता फडकं उचलून बघते. घरात पिणारं कुणी नाही आणि मी दारू राखत बसले आहे. शेजारची जनाबाई ताक मागायला आली तर बरणीपुढे सूप उभं करून ठेवलं.

एक सुचतं ते लिहिते. दोन आठवड्यांत परिणाम जातो ना? मग मिश्रीच्या आधी पंधरा-वीस दिवस गोळी बंद कर. एक घोट घेऊ दे, बापाचा मान राहू दे, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू कर. कुणाला कळणार नाही. लिहितानाच मला हे बरं वाटत नाही, पण दुसरी वाट दिसत नाही. आमच्या आईने माझ्या लग्नात घोट दिला तेव्हा आप्पांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, ऊर भरून आला होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आनंदालाही ते मिळावं असं वाटतं.

जेवणाकडे लक्ष दे. तू वाळलीस असं साईनाथ सांगत होता.
तुझी आणि तुझ्या बापाचीही,
जिजाआत्या


खरवई
मंगळवार, ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नाही. पंधरा दिवस मी त्यांना मोकळं सोडणार नाही. तू त्यांना सणावारी भेटतेस, मी रोज बघते. संध्याकाळी स्टेशनकडून येताना दारूच्या दुकानापाशी ते अजूनही रस्ता बदलतात. ज्याची ओढ गेली तो माणूस रस्ता कशाला बदलेल? रागावू नकोस. माझा आवाज पत्रातसुद्धा चढायला लागलाय.

मी दुसरं ठरवलंय. दोन बरण्या आहेत. एकीत तुझा मुरलेला मध. दुसरीत नुसतं मधाचं पाणी, आलं आणि वेलदोडा घालून, रंगाला सारखंच दिसेल असं. मुरलेल्या बरणीला लाल फडकं, नुसत्या पाण्याच्या बरणीला पांढरं. बाबांची आणि हरेशच्या पप्पांची वाटी मी पांढऱ्यातून भरेन. उमाताईलाही त्यातलंच. राजसीसाठी आणि दादांसाठी बिनसाखरेचं कोकम, जिरं घालून. दादांच्या डॉक्टरांनी मुरलेलं काहीही नको म्हणून सांगितलंय. झालं, कुणाचं काही मोडत नाही आणि कुणाला काही कळत नाही.

काल मीना आंटी घर बघायला आल्या. त्या कुठेही गेल्या तरी डबा स्वतःचा नेतात. आपल्याकडे काही खायला त्यांना संकोच वाटत होता. बाबांनी काय करावं? रविवारी दिवसभर बसून सगळी भांडी राखेने घासली, पोळपाट-लाटणं माळ्यावर टाकलं, कणकेचा डबा शेजारी नेऊन ठेवला, आणि आंटींना तांदळाची भाकरी खाऊ घातली. ज्याला जे चालत नाही ते त्याच्या ताटात जाऊ नये, एवढं तरी घरधन्याला जमलं पाहिजे, असं म्हणाले. आंटी दोन भाकऱ्या जेवल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या की आनंदभाई, इतनी फिकर तो मेरे मायके में भी नहीं हुई. मी मात्र मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

पांढऱ्या फडक्याची बरणी विसरू नकोस. तुझ्या होकाराची वाट बघते आहे, आणि तुझ्या रागाचीही तयारी ठेवली आहे.
हर्षदा


रविवार, १६ मार्च

चि. हर्षदा हीस,
अ. उ. आ.

होळीच्या गडबडीत उत्तर राहिलं. खरं सांगायचं तर मुद्दाम ठेवलं. देवासमोर धरलेल्या वाटीत नुसतं पाणी घालायचं मला पटत नव्हतं. पण शुक्रवारी तुझा बाप स्वतः इथे येऊन गेला आणि मग मी मुकाट्याने पांढरी बरणी भरली.

तुला गावात काम आहे म्हणून सांगितलं असेल. काम काही नव्हतं. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि मधाची बरणी बघू म्हणाला. फडकं उचललं तर बरणीपासून हातभर लांबच बसून राहिला. वास इकडे येतो, असं म्हणाला. मग विचारलं, हर्षदाने लग्न का पुढे ढकललं ते तुला ठाऊक आहे का. मी म्हटलं, नोकरीचं काहीतरी असेल. तो माझ्याकडे बघत राहिला. पोरी, तोंडावर खोटं बोलायची मला या वयात सवय नाही. अजून घटकाभर बसता तर मी सगळं ओकले असते. सुदैवाने साईनाथचा टेम्पो आला.

जाताना मला घेऊन जायला येतो म्हणाला. पण काल विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि गुडघा भोपळ्याएवढा झाला आहे. वैद्याने पाय खाली टेकवायचा नाही असं सांगितलं. म्हणजे भाचीच्या साखरपुड्याला मी नाही. फार वाईट वाटतं.

दोन्ही बरण्या साईनाथबरोबर पाठवते. लाल फडक्याची सैल बांधली आहे, पांढरीला झाकण घट्ट लावून वर फडकं आहे, तिला श्वासबिस लागत नाही. दोन्ही एकाच बैठकीत गाळून भरल्या. एकाच पळीने ढवळल्या, चव बघ कशी सारखी लागते.

जे होईल ते सगळं लिहून कळव. इथे पडल्या पडल्या माझा जीव तिकडेच असेल.
जिजाआत्या


खरवई
मंगळवार, २५ मार्च

ती. जिजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळे सुखरूप आहेत. हे आधी वाच, मग पुढचं.

त्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं. हरेशकडचे बारा जण, आपले दहा. फ्रिज मीना आंटींच्या डब्यांनी भरला होता म्हणून तुझ्या दोन्ही बरण्या आठवडाभर ओट्याखाली होत्या. मिश्रीचा कार्यक्रम झाला, ओटी भरली, आणि वाटी आणा असा पुकारा झाला. मी स्वयंपाकघरात गेले, पांढरं फडकं सोडलं आणि झाकण फिरवलं. फस्स करून फेस वर आला आणि माझ्या शालूवर सांडला.

आत्या, तुझ्या नुसत्या पाण्याने काम सुरू केलं होतं. ज्या पळीने मुरलेला मध ढवळला तीच त्यात घातलीस, आणि वर आठवडाभराचा हा उकाडा. मी रोज लॅबमध्ये हेच बघते, पळी बदला, भांडं बदला, आणि तुझं पत्र वाचून मला काहीही खटकलं नाही. चव सारखी लागते हे वाचून मी खूश झाले होते! आता घरात एकही बरणी अशी नव्हती जिच्यातला घोट बाबांना चालला असता. बाहेरून हरेशचे पप्पा हाका मारत होते. मी ओट्याला धरून उभी राहिले. कोकम भरावं तर रंग लाल. चक्कर आल्याचं सोंग करावं असंही मनात आलं.

बाबा आत आले. त्यांनी बरणी पाहिली, फेस पाहिला, माझ्याकडे पाहिलं. चांदीची वाटी घेतली, लाल फडक्याच्या बरणीतून स्वतः भरली, तोंड एका बाजूला वळवून. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि बाहेर गेले. मी मागून धावले. तोवर ते सगळ्यांच्या मधोमध उभे राहून बोलायला लागले होते.

त्यांनी सांगितलं की आमच्यात पहिला घोट मुलीचा बाप घेतो. पण मी एके काळी फार पीत होतो. आता मी दारू सोडायची गोळी घेतो आणि हा एक घोट मला सरळ इस्पितळात नेईल. लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही, उद्या तुमचं-आमचं नातं होणार. तेव्हा आमच्या घरातर्फे पहिला घोट माझी मुलगी घेईल. आणि त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली.

मी रडत रडत तो घोट घेतला. कसा लागला ते आठवत नाही. वाटी हरेशच्या पप्पांकडे गेली. सगळ्यांत आधी हलल्या त्या मीना आंटी. त्यांनी वाटीकडे पाहिलंही नाही. त्यांनी आणलेल्या चॉकलेटचा डबा उचलला, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली आणि हरेशला ओरडून विचारलं की यात रम आहे ते तुला दिसलं नाही का. डबा उचलून त्यांनी थेट खाली गाडीत नेऊन ठेवायला लावला. मग बाबांसमोर बसून तासभर चौकशी, काय चालतं, काय नाही, खोकल्याचं औषध चालतं का, लोणच्यातलं व्हिनेगर चालतं का. तुझा मध त्यांनी दोन वाट्या घेतला. सांगायचं म्हणजे फारच चांगला झाला होता म्हणे.

हरेशने जाताना एवढंच विचारलं की हे मला सांगायला तुला काय झालं होतं. त्याचं उत्तर मला अजून द्यायचं आहे.

पण मी घाबरले आहे. बाबांना कसं कळलं? कधीपासून? दोन दिवस झाले, त्यांना विचारायचं धाडस होत नाही आणि तेही विषय काढत नाहीत. गुडघा कसा आहे? चालायची घाई करू नकोस.

तुझी,
हर्षदा


खरवई
सोमवार, ३१ मार्च २०२५

ती. सौ. जिजाताईस,
आनंदाचा सा. न. वि. वि.

तू आणि हर्षदा साईनाथच्या टेम्पोतून एकमेकींना पत्रं लिहिता, मग मी का लिहू नये? मला तुझ्यासारखं मजेने लिहिता येत नाही, तेव्हा थोडक्यात लिहितो.

पोरीने तुला विचारलं असेल की बाबांना कसं कळलं. मला ती भानगड पहिल्या वर्षीच कळली होती. कपाच्या तळाशी पांढरा गाळ राहायचा. एक दिवस पाकीट सापडलं, ते घेऊन अंबरनाथला औषधाच्या दुकानात विचारून आलो. असा राग आला होता की घरी जाऊन ताट भिरकावणार होतो. पण त्याच संध्याकाळी पगार झालेला, बरोबरची माणसं दारूच्या दुकानाकडे वळली आणि मी घाबरून घरी आलो. घरी आल्यावर वाटलं, बरं झालं घाबरलो. मग मी तो चहा रोज पीत गेलो. हर्षदाच्या आईला कळू दिलं नाही. माझ्यासाठी ती एवढं करत होती, आणि मला माहीत आहे हे तिला कळलं असतं तर माझ्याशी नजर मिळवणं तिला जड गेलं असतं. लोक म्हणायचे, एका शब्दावर सोडली. शब्द माझा नव्हताच.

ती गेली तेव्हा तेरा दिवस तू इथे होतीस. शेजारच्या बाया थर्मासने चहा आणायच्या. हर्षदा भिंतीला टेकून बसलेली असायची, तिला कशाचं भान नव्हतं. ते तेरा दिवस मी राजगिऱ्याचा डबा उघडून गोळी स्वतः घेत होतो. चौदाव्या दिवशी पोरगी उठली, चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून चमचा हलवत राहिली, अगदी आईसारखी. मला वाटलं, आईचं एवढं एक काम तिला मिळालं आहे, ते काढून घेऊ नये. मी तिला आधार देतोय असं समजत होतो, आणि ती माझ्यापायी लग्न थांबवून बसली होती. हे मला तुझ्या ओसरीवर तुझं तोंड पाहून समजलं. तुला खोटं बोलता येत नाही, ताई, लहानपणापासून येत नाही.

हे सगळं मी हर्षदाला गुढीपाडव्याला, म्हणजे काल, सांगितलं. ती फार रडली, मग माझ्यावर फार चिडली, मग जेवलो. लग्न वैशाखातच करायचं ठरलं. हरेशरावांना तिने स्वतः फोन केला, तासभर बोलत होती. तोवर तुझा गुडघा बरा व्हायला हवा, मी न्यायला येईन.

आज सकाळी चहा मी केला. दोन कप. ती दारात उभी राहून बघत होती. माझ्या कपात गोळी टाकली, ढवळली आणि तिच्यासमोर प्यायलो. तिचा कप तिच्या हातात दिला. थोडा वेळ ती माझ्या कपाकडे बघत राहिली. मग खिडकीशी जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि साखर कमी पडली म्हणाली.

धाकट्यावर राग धरू नकोस, धरलास तरी भेटल्यावर काढ.
तुझा,
आनंदा